सात पिढ्यांचा मुरब्बा

आमच्या करडी गावात धान पिकतो, बांधावर तूर होते, तळ्यात शिंगाडे होतात, आणि घरटी एक पुढारी होतो. सेब होत नाही. सेब म्हणजे सफरचंद. पण आमच्याकडे सफरचंद म्हणणारा माणूस एक तर शाळेत शिकवतो, नाही तर पुण्याहून सुटीवर आलेला असतो. बाकी सगळ्यांचा सेबच. तर हा सेब आमच्या मातीत होत नाही, आमच्या बापजाद्यांनी त्याचं झाड पाहिलेलं नाही, आणि तरीही माझ्या सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सेबाचा मुरब्बा ही आमच्या घराण्याची सात पिढ्यांची चाल आहे.

सात पिढ्यांपूर्वी करडीत सेब पोहोचला कसा, असं मी एकदा विचारलं होतं. लग्नाला वर्षं झाली होती, तरी तोंड आवरायची सवय लागली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तुले काय माहीत?"

घ्या. मला नाही माहीत तर कोणाला माहीत? तो मुरब्बा या घरात मी आणला. माझ्या आईच्या हातचा, रुखवतात, झाकणाच्या डब्यात, वर तिनं स्वतः विणलेला रुमाल घालून. रुखवत पाहायला बायका जमल्या, कोणीतरी डबा उघडला, आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हे काय वं? सेब शिजवून राहिले काय आता लोक? आवळे मेले होते काय?" हे वाक्य मी विसरले नाही. त्या विसरल्या. विसरण्याच्या बाबतीत सासूबाईंचा हात धरणारं आमच्या तालुक्यात कोणी नाही.

आईला हा मुरब्बा कुठे मिळाला, तर चिखल्याला. माझे बाबा तिथल्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते आणि आम्ही खाणीच्या कॉलनीत राहत होतो. कॉलनी म्हणजे अख्खा देश एका नळावर भांडायला उभा. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये हिमाचलच्या एक बाई होत्या, त्यांचा नवरा ऑफिसात. पाऊस सरला की त्यांचा भाऊ तिकडून सेबाची लाकडी पेटी पाठवायचा. ट्रक बदलत बदलत ती पेटी चिखल्याला यायची आणि कॉलनीतली सगळी लेकरं तिच्याभोवती माशांसारखी जमायची. मोठे लाल सेब वाटण्यात जायचे. छोटे, कडक, आंबूस बाजूला काढून त्या मुरब्बा घालायच्या, आणि सोलायला माझ्या आईला बोलवायच्या. आई सोलता सोलता शिकली. सेब अख्खा ठेवायचा, काट्यानं टोचे मारायचे, चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवायचा म्हणजे पाकात तो मऊ पडून फुटत नाही, आणि पाक एका दिवसात उरकायचा नाही, रोज थोडा थोडा आटवायचा. पुढं त्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली, पेट्या बंद झाल्या. आईनं तुमसरच्या बाजारातून सेब आणायला सुरुवात केली. कोणाचं लेकरू खोकललं, कोणाची बाळंतीण अशक्त झाली, की कॉलनीतल्या बाया वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या.

आई शाळेत गेली नव्हती. घर कंपनीचं, पगार बाबांचा, पुढं बाबा निवृत्त झाले तेव्हा बांधलेलं घर भावाच्या नावावर. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ एकच होतं, ते म्हणजे हा मुरब्बा. म्हणून मला एक गोष्ट पाहिजे होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. या घरात, चार पाव्हण्यांसमोर, एकदा तरी कोणीतरी म्हणावं की हा मुरब्बा चिखल्याच्या ईहीनबाईचा, म्हणजे विहीणबाईचा आहे. मी म्हणून उपयोग नव्हता. सुनेनं माहेरचं कौतुक सांगितलं की त्याला कौतुक म्हणत नाहीत, टुमणं म्हणतात. मला ते सासूबाईंच्या तोंडून पाहिजे होतं. म्हणजे कोंबडीला दात यायची वाट पाहण्यातलाच प्रकार.

मुरब्ब्याचं घराणं बदललं ते मंडईत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. आमंत्रण कोणी देत नाही आणि आमंत्रणाची कोणी वाटही पाहत नाही. सारे सोयरेधायरे दुपारपासून येऊन ठेपतात. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, पाहायची, रात्री नाटक पाहायचं, मधल्या वेळात कोणाची पोरगी लग्नाची आहे अन् कोणाचा पोरगा रिकामा फिरून राहिला याची चौकशी करायची. आणि खायचं. खरं म्हणजे खायचं, बाकीचं तोंडी लावायला.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला दिघोरीचे काकाजी आले. हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. माणूस देवमाणूस, पण जेवायला बसला की देवालाही उपाशी ठेवील. मटणाचा रस्सा संपत आला होता, म्हणून घाबरून मी आईचा मुरब्ब्याचा डबा काढला आणि त्यांच्या ताटात एक सेब वाढला. काकाजींनी तो रश्शात कुस्करला आणि भाकरीबरोबर खाल्ला. हिमाचलच्या त्या बाईंनी पाहिलं असतं तर जागीच बसल्या असत्या. काकाजी मात्र डोळे मिटून सासूबाईंना म्हणाले, "वैनी, हे काय चीज आहे? पुढच्या मंडईले पाह्यजे म्हंजे पाह्यजे."

झालं. लग्नात पोरीचं आडनाव बदलतं, तसं त्या दिवशी मुरब्ब्याचं बदललं. फक्त अक्षता तेवढ्या पडल्या नाहीत.

पुढच्या मंडईला सासूबाई पाव्हण्यांना सांगत होत्या, "सूनबाईनं केला, पण मी सांगतलं तसा." त्याच्या पुढच्या मंडईला सून गळाली. मग एकदा कोणीतरी विचारलं, शिकल्या कोणाकडून, तेव्हा सासूबाईंच्या सासूबाई गोष्टीत आल्या. त्या माउलीनं आयुष्यात सेब पाहिला तो भंडाऱ्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारात, आणि तोंडात दात नव्हते म्हणून तोही दुसऱ्यांनीच खाल्ला. पण मेलेलं माणूस साक्ष द्यायला येत नाही, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. एकदा सुरुवात झाल्यावर पिढ्या वाढायला काय लागतं? दर मंडईला एखादी वाढायची. साताला येऊन थांबल्या, कारण त्यापुढं म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

परंपरा चालवणं म्हणजे काय, हे मी आमच्या घरी शिकले. परंपरा चालवणं म्हणजे बाजेवर बसणं. कोजागिरी झाली की सासूबाईंचा हुकूम सुटायचा, "सेब आणा." दीर तुमसरहून पेटी आणायचा. सोलायची मी, टोचायची मी, पाकाजवळ उभी मी. तेव्हाच धान कापणीला आलेला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माणसं लावलेली, त्यांचा चहा अन् भाकरीही मीच. सासूबाई अंगणात बाज टाकून बसायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारून सांगायच्या, "लय काम पडते वं या मुरब्ब्याचं. पण काय करता, घराण्याची चाल आहे, सोडता येते काय?" कमर धरून उठायच्या, कमर धरून बसायच्या. कमर माझी दुखायची, धरायच्या त्या.

एका वर्षी मात्र त्यांनी खरंच हात लावला. मी बांधीवर भाकरी घेऊन गेले होते आणि सेब चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवले होते. आमच्याकडे चुना पानाला लावतात नाही तर भिंतीला. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि निवळी ओतून सेब साध्या पाण्यानं स्वच्छ धुवून काढले. वर मला म्हणाल्या, "भिताडाले लावाचा चुना तू सेबाले लावून राहिली. पाव्हणे मारतं काय?" मी म्हटलं, "आत्याबाई, सात पिढ्या हेच करत आल्या असतील ना?" त्यांनी ऐकलं नाही. सोयीचं नसलं की त्यांना कमी ऐकू येतं. त्या वर्षी सेब पाकात फुटले आणि सगळ्याचा लगदा झाला. मला वाटलं, चला, आता तरी कळेल. कसलं काय. मंडईला सासूबाईंनी तो लगदा वाटीत वाढला आणि सांगितलं की जुन्या काळी असाच करत, हे अख्खे सेब ठेवायचं फॅड आताचं आहे. काकाजींनी दोनदा मागून घेतला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मग मोबाइल आला. दिराची पोरगी नागपूरला कॉलेजात शिकते. मागच्या खेपेला ती दिवाळीला आली आणि तिनं आजीचा व्हिडिओ काढला. सासूबाईंनी त्यासाठी पेटीतलं नवं लुगडं काढलं, कपाळाला मोठं कुंकू लावलं आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, झारा फिरवत उभ्या राहिल्या. गंजाखाली गॅस पेटलेला नव्हता, कारण मुरब्बा आदल्या दिवशीच मी करून ठेवला होता. "आम्ही कधी मापानं मोजत नाही, अंदाजानं घालतो," असं त्यांनी सांगितलं. पोरीनं वर लिहिलं, आजीची सात पिढ्यांची रेसिपी. त्या व्हिडिओत मीही आहे. एकदा वेलचीचा डबा द्यायला माझा हात येतो, कोपरापर्यंत.

तो व्हिडिओ लोकांनी पाहिला, लोकांनी पुढं पाठवला, आणि फिरत फिरत चिखल्याला माझ्या भावाच्या फोनवर गेला. भावानं तो आईला दाखवला. संध्याकाळी आईचा फोन आला. मी ओट्याजवळ उभी होते.

"पाहिला तुमचा मुरब्बा," आई म्हणाली. "पाक जरा पुढं गेला वं. रंगावरून दिसते. थोडा आधीच बंद करत जा."

"बस? एवढंच?"

"अन् ईहीनबाईले ते लुगडं छान दिसते."

मी म्हटलं, "माय, तुले राग नाही येत?" तर म्हणाली, "भाजी लागून राहिली गॅसवर, ठेवतो मी." आणि ठेवला फोन. तिच्या वाटचा राग मग मलाच करावा लागला. रात्रभर केला, पुरला नाही.

त्याच आठवड्यात आमची मंडई होती. मी भावाला फोन करून सांगितलं, आईला घेऊन ये, काही कारण सांगू नको. आई कितीतरी वर्षांत आमच्या मंडईला आली नव्हती. बाबांची छाती खराब झाल्यापासून तिनं घर सोडलं नव्हतं, आणि बाबा गेल्यावर कुठे जायची तिला सवयच राहिली नव्हती. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. आई समोर बसलेली असेल, मुरब्बा तिच्या ताटात असेल, मग बघू सासूबाई कशा सात पिढ्या काढतात. माणसाला तोंडावर तरी लाज वाटतेच, असं मला तेव्हा वाटत होतं.

आई आली. धुतलेलं सुती पातळ, पायात नव्या चपला, हातात पिशवी, पिशवीत माझ्या नवऱ्यासाठी चिवडा. सासूबाईंनी तिचं स्वागत चांगलं केलं, मी खोटं बोलणार नाही. पाय धुवायला पाणी, बसायला सतरंजी, शेजारच्या दोन बायका मुद्दाम बोलावून ओळख. मग वाटीत मुरब्बा आला. सासूबाईंनी तो माझ्या हातून घेऊन स्वतः आईच्या हातात दिला.

"घ्या ईहीनबाई. आमच्या घरचा आहे. सात पिढ्याचा."

तोंडावर लाज वगैरे काही नसतं, हे त्या दिवशी मला समजलं. चिखल्याहून डब्यात आलेला, रुमालानं झाकलेला, त्याच बाईच्या हातात देऊन तिलाच सांगायचं की आमच्या घरचा आहे. मी तोंड उघडलं. आत्याबाई, एवढंच म्हणाले, आणि आईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाव्हण्यांसमोर मी काही मागितलं की ती अशी पाहायची.

तिनं एक तुकडा खाल्ला. सावकाश खाल्ला, आपल्याच हातचा पदार्थ तपासावा तसा. मग म्हणाली, "वा. असा मले कधी नाही जमला बाप्पा."

सासूबाई फुलल्या. "त्याले हात लागते, ईहीनबाई," असं म्हणाल्या. हे त्या म्हणाल्या. माझ्या आईला.

मी आईला मागच्या अंगणात नेलं, हापशीजवळ. म्हटलं, "काहून खोटं बोलली तू? मी तुले कायले बोलावलं होतं मग?"

आई हात धुवत होती. म्हणाली, "तुले इथं राह्याचं आहे. मले संध्याकाळच्या गाडीनं जायचं आहे."

"पण तो तुझा आहे ना?"

"अन् मी तरी त्या हिमाचलवालीचं नाव कधी घेतलं? साऱ्या कॉलनीले माझा मुरब्बा म्हनून खाऊ घातला. लोकं खाऊन राहिले, भांडं चाटून राहिले, अजून काय पाह्यजे माणसाले?"

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. हिमाचलवाल्या बाईंनी तिला शिकवलं होतं, हौसेनं, शेजारी बसवून. आमच्याकडे तिच्या हातातून काढून घेतलं होतं. दोन्ही एक कसं होईल? पण आई तशी कधी वाद घालत नसे. पदराला हात पुसून ती पुढं गेली आणि सासूबाईंजवळ बसून दोघी दंडार पाहायला आलेल्या बायकांची लुगडी पाहत राहिल्या. संध्याकाळी निघताना सासूबाईंनी तिला मुरब्ब्याची बरणी भरून दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.

उन्हाळ्यात आई गेली. फार दिवस आजारी नव्हती. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवली होती आणि येणारा प्रत्येक माणूस सेब घेऊन येत होता. आपल्याकडे माणूस मरायला टेकला की त्याला सेब देतात, धडधाकट असेपर्यंत कोणी विचारत नाही. खाटेजवळ पिशव्यांचा ढीग लागला. एकदा तिनं डोळे उघडले, ढिगाकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "हे मुरब्ब्याले नाही चालत. पिठूळ आहेत." माझ्याशी नीट असं तिचं तेवढंच शेवटचं बोलणं.

लग्न झालेल्या लेकीला माहेरचं सुतक तीन दिवसांचं. तीन दिवसांत दुःख आटपायचं आणि चौथ्या दिवशी सासरी येऊन धानाच्या पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, बियाणं निवडायचं. पावसाळा त्यातच गेला. भावाच्या घरी वर्षभर सण नव्हता. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी पहिल्या वर्षी दिवाळीला कढई चढवत नाहीत, गोडधोड करत नाहीत; शेजारचे सोयरे आणून देतात ते खायचं. आमच्या घराला तो नियम लागू नव्हता. इथं करंज्या होणार होत्या, चकल्या होणार होत्या, आणि सात पिढ्यांचा मुरब्बाही होणार होता, का नाही होणार? मरणारी बाई या घराण्याची थोडीच होती.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. सासूबाई "सेब आणा" म्हणाल्या की मी म्हणणार होते, तुमच्या सातव्या पिढीला सांगा सोलायला. शब्द न् शब्द पाठ केला होता, भांडी घासता घासता. मग जे व्हायचं ते होऊ दे, नवऱ्याला तोंड फुगवायचं तर फुगवू दे.

कोजागिरी झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असेल. मीही बोलले नाही. दिवाळी आली, कढई चढली, चकल्या झाल्या, मी भावाकडे फराळाचा डबा पाठवला. मुरब्ब्याचं नाव नाही. शेवटी दीर आपल्या मनानंच तुमसरहून पेटी घेऊन आला आणि ओसरीत ठेवून म्हणाला, "तुम्ही सगळे विसरले वाटते." सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "पोराइले वाटून टाक." तो हसला, त्याला गंमत वाटली. त्या पुन्हा म्हणाल्या, तेव्हा त्यानं पेटी खरंच वाटून टाकली. गल्लीतली लेकरं सेब खात हिंडत होती आणि मी माझं पाठ केलेलं वाक्य घेऊन घरात हिंडत होते. वयानं डोकं फिरलं असेल म्हटलं, नाही तर गुडघे दुखत असतील. चांगलं काही मनात आलंच नाही माझ्या. सवयच नव्हती.

मंडईला काकाजी आले. आता ते काठी टेकत येतात, पण पंगतीत पहिले बसतात. ओसरीत सगळे पाव्हणे बसले होते, सासूबाई नेहमीसारख्या दाराशी, आणि मी रश्शाचं पातेलं घेऊन वाढत होते. काकाजींनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "वैनी, मुरब्बा येऊ द्या."

"औंदा नाही केला," सासूबाई म्हणाल्या.

"काहून? सेब नाही भेटले काय?"

"भेटले. वाटून देल्ले पोराइले."

काकाजींना काही उमजेना. घरात कोणाचं काही बरंवाईट झालं काय म्हणून ते इकडंतिकडं पाहायला लागले. पंगतीतले बाकीचेही थांबले. सासूबाईंनी पदर नीट केला.

"ज्या घरचा तो मुरब्बा, त्या घरी औंदा कढई नाही चढली," त्या म्हणाल्या. "माझी ईहीन गेली ना उन्हाळ्यात, चिखल्याची. तिच्या हातचा होता तो, तिच्याच घरचा. तिकडं दुःख आहे, अन् आपण इकडं गोड करून खावं काय?"

काकाजी म्हणाले, "तुम्ही तं सात पिढ्याचा म्हनत होत्या."

"म्हनत होती," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, त्याइले रस्सा वाढ."

मी वाढला. किती वाढला मला माहीत नाही, काकाजी पुरे पुरे म्हणत होते. इतकी वर्षं मी या एका वाक्यासाठी जीव टाकत होते. वाटायचं, ऐकलं की छाती वीतभर फुगेल, मी लगेच चिखल्याला फोन लावीन. पंगत उठेपर्यंत मी वाढत राहिले, पाणी दिलं, ताटं उचलली. मग मागच्या अंगणात खरकट्या भांड्यांजवळ बसले आणि मोठ्यानं रडले. पाव्हणे ऐकतील याची पर्वा केली नाही.

थोड्या वेळानं सासूबाई आल्या. माझ्या शेजारी खाली ओल्यातच बसल्या, एक ताट ओढलं आणि घासायला लागल्या. त्यांना घासता येत नाही धड, राख नुसती फिरवत होत्या.

"तिच्यासमोर म्हनाले पाह्यजे होतं मी," त्या म्हणाल्या. "वाटी तिच्या हातात होती तवाच."

म्हणून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी जाऊ द्या म्हणावं, असं त्यांना वाटत असावं. आई असती तर तीही तेच म्हणाली असती.

मी म्हटलं, "हो. पाह्यजे होतं."